चित्र कुणाचे? : सौंदर्यस्पर्धा, मराठी मुली आणि १९९४ चे जळगाव

१९९४ हे साल भारतीय मध्यमवर्गाच्या स्मरणात दोन मुकुटांमुळे राहिले आहे. त्या वर्षी २१ मे रोजी मनिला येथे सुश्मिता सेन विश्वसुंदरी ठरली आणि १९ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत ऐश्वर्या राय जगत्‌सुंदरी झाली. एकाच वर्षी दोन्ही किताब एका देशाकडे आल्याने वृत्तपत्रांची पहिली पाने त्या दोघींच्या छायाचित्रांनी भरून गेली. जळगावकरांच्या स्मरणात मात्र तेच साल वेगळ्या कारणासाठी रुतून बसले आहे. मनिला आणि सन सिटी यांच्या मधल्या पावसाळ्यात, सोन्याच्या पेढ्यांसाठी आणि केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराचे नाव राज्यभर एका नव्या शब्दाबरोबर घेतले जाऊ लागले. तो शब्द होता ‘वासनाकांड’. तरुण मुलींना फसवून, त्यांचे शोषण करून, त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती काढून, त्यांचाच धाक दाखवून त्यांना पुन्हा पुन्हा लुटण्याचा प्रकार शहरात दीर्घकाळ चालू असल्याचे तेव्हा उघडकीला आले.

या दोन गोष्टी शेजारी मांडणे काहींना अप्रस्तुत वाटेल. एकीकडे स्वेच्छेने रंगमंचावर चढलेल्या मुली, दुसरीकडे गुन्ह्याला बळी पडलेल्या मुली. त्यांचा परस्परांशी संबंध काय? माझ्या मते संबंध आहे, आणि तो त्या मुलींमध्ये नसून त्यांच्याकडे पाहणाऱ्या समाजात आहे. स्त्रीचे चित्र काढले जाणे, ते लोकांपुढे येणे याविषयी मराठी समाजात शतकभर वाद झाले. परंतु त्यांत विचारला गेलेला प्रश्न बहुधा ‘किती दिसले?’ हा होता. ‘ते दाखवायचे की नाही हे कोणी ठरवले?’ हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. सौंदर्यस्पर्धांचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने वाचला, तर तो मुकुटांच्या यादीपेक्षा बराच निराळा दिसतो.

या स्पर्धांचा उगमच मुळी या प्रश्नाशी जोडलेला आहे. १९५१ साली ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय उत्सवाच्या निमित्ताने लंडनमध्ये एरिक मॉर्ली या मनोरंजन-व्यावसायिकाने एक स्पर्धा भरवली. बिकिनी तेव्हा नवीन होती आणि प्रसिद्धीसाठी उपयोगी होती. स्वीडनची किकी हाकान्सन ही विजेती बिकिनीतच मुकुट घालून उभी राहिली आणि मोठा गहजब झाला. पुढच्या वर्षांत बिकिनीच्या जागी तुलनेने सोज्ज्वळ समजला जाणारा एकसंध पोहण्याचा पोशाख आला. ‘मिस वर्ल्ड’ची सुरुवात ही अशी आहे. ‘मिस युनिव्हर्स’ची सुरुवात तर एका स्पर्धक मुलीच्या नकारातून झाली. १९५१ ची ‘मिस अमेरिका’ योलांड बेटबेझ ही गायिका होती. मुकुट मिळाल्यानंतर पोहण्याच्या पोशाखात गावोगाव मिरवण्यास तिने साफ नकार दिला. असे पोशाख तयार करणारी कॅटलिना ही कंपनी त्या स्पर्धेची आश्रयदाती होती. ती रागावून बाहेर पडली आणि १९५२ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे तिने आपली स्वतंत्र स्पर्धा उभी केली. आज जिचा एवढा बोलबाला आहे ती विश्वसुंदरी स्पर्धा म्हणजे, ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीवर कंपनीने शोधलेला उपाय होता.

लाँग बीचच्या त्या पहिल्या स्पर्धेत भारताची प्रतिनिधी होती. इंद्राणी रहमान ही नर्तकी रागिणीदेवींची मुलगी आणि वास्तुविशारद हबीब रहमान यांची पत्नी. त्या वेळी ती विवाहित होती आणि आई झालेली होती. पुढे या स्पर्धांनी ‘अविवाहित असणे’ ही सौंदर्याची अटच करून टाकली. ती अट विश्वसुंदरी स्पर्धेने २०२३ पासून काढली, तेव्हा तिचे स्वागत क्रांतिकारक पाऊल म्हणून झाले. सत्तर वर्षांपूर्वी एका भारतीय आईने याच स्पर्धेत भाग घेतला होता हे तेव्हा किती जणांना आठवले असेल?

त्याच १९५२ साली इकडे मराठीत एक घटना घडली. खानदेशातील असोद्याला जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या आणि आदल्याच वर्षी निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी या निरक्षर शेतकरी स्त्रीच्या ओव्या ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने पुस्तकरूपात आल्या. मुलगा सोपानदेव यांनी जपलेले ते बाड आचार्य अत्र्यांनी पाहिले आणि प्रस्तावना लिहून ते महाराष्ट्रापुढे ठेवले. जगाच्या एका टोकाला स्त्रीची उंची, कंबर आणि चालणे मोजण्याची पद्धत रूढ होत असताना खानदेशातील एक बाई मराठी वाचकाला प्रथमच भेटत होती, आणि भेटत होती ती फक्त तिच्या शब्दांतून. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून सिद्धान्त काढायचा नाही. पण अत्र्यांचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. मराठी पडद्यावर स्त्रीला प्रथम पोहण्याच्या पोशाखात आणणाऱ्या चित्रपटाचे लेखकही तेच होते.

तो चित्रपट म्हणजे मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला १९३८ चा ‘ब्रह्मचारी’. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या औदुंबर नावाच्या तरुणाची ती फजिती होती आणि शपथ मोडण्यास कारण होणाऱ्या किशोरीची भूमिका मीनाक्षी शिरोडकर यांनी केली होती. एका गाण्यात मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रभर चर्चा झाली. नाके मुरडणाऱ्यांनी मुरडली, चित्रपटगृहे भरायची ती भरलीच. खरे तर उपहासाचे लक्ष्य बाईच्या अंगावरचा पोशाख नव्हता. स्त्रीच्या नुसत्या दर्शनाने ज्याचे व्रत ढळते असा पुरुष हे त्या विनोदाचे गिऱ्हाईक होते. प्रेक्षकांनी मात्र विनोदाचा रोख विसरून पोशाख तेवढा लक्षात ठेवला. मीनाक्षीबाई गात असत, त्यांनी ‘ब्रँडीची बाटली’सारख्या चित्रपटांतून उत्तम विनोदी भूमिका केल्या, तरी १९९७ साली त्या निवर्तल्या तेव्हाही त्यांची ओळख म्हणून त्याच एका गाण्याकडे बोट दाखवले जात होते. एखाद्या स्त्रीने एकदा स्वतःचे चित्र काढू दिले की ते चित्रच तिचा ताबा घेते. आपल्या समाजाची ही जुनी सवय पुढे बऱ्याच ठिकाणी आढळते.

या सवयीतून सुटलेली पहिली स्पर्धक म्हणजे रीटा फारिया. गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत जन्मलेली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकशास्त्र शिकणारी ही मुलगी नोव्हेंबर १९६६ मध्ये लंडनला ‘मिस वर्ल्ड’ झाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. नेण्यासाठी साडी आणि पोहण्याचा पोशाख दोन्ही उसने घेतले होते आणि जवळ जेमतेम तीन पौंड होते, असे तिने पुढे सांगितले आहे. वर्ष संपण्यापूर्वीच विजेतेपदाचा करार म्हणजे काय हे तिला कळले. बॉब होप या विनोदी नटाच्या ताफ्याबरोबर तिला व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांच्या मनोरंजनासाठी नेण्यात आले. भारत सरकारची अलिप्ततेची भूमिका आणि युद्धाला असलेला विरोध पाहता हे दिल्लीला रुचणारे नव्हते, आणि रुचले नाही. तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचे चेहऱ्यासकट सारे अस्तित्व एका बाजूच्या युद्धप्रचाराला जुंपले गेले, आणि खुलासा मात्र तिच्याकडून मागितला गेला. किताबाचे वर्ष संपताच रीटाने चित्रपट आणि मॉडेलिंगकडे पाठ फिरवली, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिक्षण पुरे केले, डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी विवाह केला आणि डब्लिनमध्ये संसार थाटला. सौंदर्यस्पर्धांच्या भारतीय इतिहासात तिचा मुकुट जितका महत्त्वाचा आहे, तितकेच तिचे हे निघून जाणेही महत्त्वाचे आहे.

चारच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९७० रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तोच बॉब होप सूत्रसंचालन करीत असताना स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी पिठाच्या पुड्या फेकून स्पर्धा थांबवली. गुरांच्या बाजाराप्रमाणे बायकांना पारखून घेण्याला त्यांचा विरोध होता. त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टन ही त्या स्पर्धेची पहिली कृष्णवर्णीय विजेती ठरली, आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून आलेली पर्ल जॅन्सन ही कृष्णवर्णीय तरुणी दुसरी आली. निदर्शकांच्या दृष्टीने तो रंगमंच अपमानाचा होता. या दोघींना तो कधी नव्हे ते उघडलेले दार वाटला. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात हे मान्य केल्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही.

आता पुन्हा खानदेशाकडे येऊ. स्मिता पाटील यांचे घराणे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. सौंदर्यस्पर्धेच्या मोजपट्टीत स्मिता कधीच बसली नसती आणि तिने तशी इच्छाही धरली नसती. सावळा वर्ण आणि बोलके डोळे घेऊन ती मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायला बसली, तेव्हा सुंदर चेहरा म्हणजे काय याची मराठी घरातली व्याख्या थोडी तरी हलली. तिच्या वाट्यालाही चित्राचा ताबा सुटण्याचा अनुभव आला. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून झालेल्या ‘चक्र’ (१९८१) या चित्रपटात झोपडपट्टीतली अम्मा उघड्यावर आंघोळ करते असे दृश्य होते. कथेत ती दारिद्र्याची वस्तुस्थिती होती. ज्या बाईला आडोसाच नाही ती करणार काय? प्रसिद्धी करणाऱ्यांनी नेमके तेच दृश्य उचलून फलकांवर चढवले. हे आपल्या हातात असते तर आपण होऊ दिले नसते, अशी व्यथा स्मिताने मुलाखतीत बोलून दाखवली होती. दृश्य द्यायला तिची संमती होती. त्या दृश्याचा जो बाजार मांडला गेला त्याला नव्हती. दोन्हींतला फरक तिला स्वच्छ कळत होता. रस्त्यावरून जाता जाता मान वर करून पाहणाऱ्यांना तो कळत होता असे म्हणवत नाही.

सौंदर्याचा बाजार म्हणजे मुंबई-लंडनची भानगड, असे खानदेशाने समजण्याचेही कारण नाही. अमळनेर हे गाव सानेगुरुजींमुळे मराठी मनात एका सात्त्विक जागी बसलेले आहे. त्याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना काढून विप्रो कंपनीची सुरुवात झाली, आणि याच कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ‘संतूर’ साबण आणला. त्याच्या जाहिरातीतली तरुण दिसणारी बाई एका मुलीची आई असल्याचे शेवटी उघड होते आणि भोवतालचे थक्क होतात. बाईने आई तर व्हायचे, पण तसे दिसायचे नाही, हा धडा आपल्याकडे अशा जाहिरातींनी घरोघर पोहोचवला. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर परदेशी प्रसाधन कंपन्या आणि उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा त्यांना नापीक जमीन मिळाली नव्हती. ती नांगरून ठेवलेली होती.

या नव्या काळातली पहिली मोठी स्पर्धक मराठी होती. नागपूरला जन्मलेली मधू सप्रे मैदानी खेळांतली खेळाडू. १९९२ ची ‘फेमिना मिस इंडिया’ म्हणून ती बँकॉकच्या विश्वसुंदरी स्पर्धेत गेली आणि अंतिम तिघींत पोहोचली. देशाचे नेतृत्व मिळाले तर प्रथम काय कराल, असा तिला प्रश्न होता. मोठे क्रीडासंकुल उभारीन, असे तिचे उत्तर होते. गरिबीचे, भुकेचे, बालकांचे नाव घेण्याची ज्या मंचावर रीत आहे तिथे हे उत्तर विचित्र ठरले, मधू तिसरी आली, आणि त्या उत्तरामुळेच मुकुट हुकला असे तेव्हापासून सांगितले जाते. भारतात तिची पुष्कळ चेष्टा झाली. आज ते उत्तर पुन्हा वाचताना मला ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते. ज्या मुलीने स्वतःचे शरीर मैदानावर घडवले तिला देशासाठी मैदान हवेसे वाटले. इथे शरीर दुसऱ्यांनी पाहण्याची वस्तू नाही. धावण्याचे, फेकण्याचे, दमण्याचे साधन आहे. मंचाला नेमके हेच ऐकायचे नव्हते.

दोन वर्षांनी मनिलात सुश्मिताला स्त्रीत्वाचे सार विचारले गेले. स्त्री असणे ही ईश्वराची देणगी आहे, मुलाचा उगम मातेत आहे, प्रेम आणि वाटून घेणे म्हणजे काय हे ती पुरुषाला शिकवते, अशा आशयाचे उत्तर तिने दिले आणि ती जिंकली. अठराव्या वर्षी हजारो माणसांपुढे इतक्या शांतपणे बोलण्याचे कौतुक केलेच पाहिजे. तरीही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. जिंकणारे उत्तर आपल्याकडचा कोणताही जुन्या वळणाचा कीर्तनकार मान डोलावून स्वीकारील असे होते. आधुनिकतेच्या झगमगाटात बक्षीस मिळाले ते मातृत्वाच्या गौरवाला. क्रीडासंकुल मागणारी बाई बाजार आणि परंपरा दोघांनाही गैरसोयीची ठरली.

मधल्या १९९३ साली मेक्सिको सिटीत भारताचे प्रतिनिधित्व नम्रता शिरोडकर हिने केले आणि ती अंतिम सहाजणींत आली. ती मीनाक्षी शिरोडकरांची नात. आजीच्या पोहण्याच्या पोशाखाने महाराष्ट्र हलला त्याला पंचावन्न वर्षे झाली होती. नात तशाच पोशाखात जगापुढे चालली आणि देशाने अभिमान वाटल्याचे सांगितले. याला प्रगती म्हणायचे का? अंशतः म्हणता येईल. परंतु पोशाखाला मिळालेली ही मान्यता मुलीच्या निर्णयाला मिळाली होती, की तिच्यामागे उभ्या असलेल्या देशाच्या झेंड्याला, याचा उलगडा पुढच्याच वर्षी जळगावात झाला.

जळगाव तेव्हा बदलत होते. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झाले. तोवर या भागातल्या मुलामुलींच्या पदव्यांवर पुणे विद्यापीठाचा शिक्का असे. जळगाव-धुळ्याच्या आसपासच्या गावांतून मुली शिकायला शहरात येत होत्या, एसटीने ये-जा करीत होत्या. घराबाहेर पडलेल्या मुलीभोवती जे जाळे विणले गेले त्याची हकीकत १९९४ मध्ये बाहेर आली तेव्हा तिच्यात स्थानिक वजनदार माणसांची नावे होती. अरविंद इनामदार यांच्यासारख्या ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे तपास सोपवण्यात आला; मीरां चढ्ढा बोरवणकर त्या तपासात होत्या. खटल्यांसाठी विशेष न्यायालयाची व्यवस्था झाली. शेकडो मुलींचा आकडा वर्तमानपत्रांतून फिरत होता; साक्षीसाठी प्रत्यक्ष पुढे आल्या त्या फारच थोड्या, आणि पुष्कळसे आरोपी पुढे सुटले.

त्या का आल्या नाहीत? त्या वेळचा कायदा पाहिला तर उत्तर अवघड नाही. बळी पडलेल्या स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास १९८३ च्या दुरुस्तीने बंदी होती खरी. ती दुरुस्तीही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा या आदिवासी मुलीच्या प्रकरणातून, देशभरच्या स्त्रियांच्या संतापातून आलेली. पण भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५५ मधील एक तरतूद बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे ‘चारित्र्य’ वाईट असल्याचे दाखवून तिची साक्ष खिळखिळी करण्याची मुभा देत होती. ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. एखाद्या स्त्रीचे खासगी क्षणांतले चित्र तिच्या संमतीविना टिपणे वा पसरवणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंडविधानात आला तो २०१३ मध्ये. म्हणजे १९९४ च्या जळगावात मुलीच्या विरुद्ध वापरलेले मुख्य हत्यार जे छायाचित्र, त्याला कायद्यात नीटसे नावसुद्धा नव्हते. उलट तेच छायाचित्र न्यायालयात तिच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून तिच्यावर उलटण्याची धास्ती होती.

कायद्यापेक्षा समाज कठोर निघाला. ज्यांनी चित्रे काढली त्यांच्यापेक्षा जिची काढली ती कोण, याविषयीचे कुतूहल मोठे होते. जळगावची मुलगी म्हटले की सोयरिकी अडखळू लागल्याच्या बातम्या त्या काळात आल्या. संपूर्ण शहरातल्या मुली, ज्यांचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता त्याही, एका न पाहिलेल्या छायाचित्राच्या संशयाखाली आल्या. याच महिन्यांत मनिलाच्या विजेतीची छायाचित्रे दुकानांच्या आणि केशकर्तनालयांच्या भिंतींवर लागत होती. कुणाची तरी मुलगी कमी कपड्यांत जगापुढे उभी आहे याचा त्या समाजाला अभिमान होता. स्वतःच्या शेजारची मुलगी फसवली गेली आहे याची मात्र त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज तो तिच्याच पदरात टाकत होता. अभिमान आणि लाज दोन्हींचा उगम एकच, मुलीचे शरीर ही घराण्याची आणि देशाची मालमत्ता आहे ही समजूत. मालमत्तेने बक्षीस आणले तर मिरवायचे, चोरी झाली तर लपवायचे. तिचा होकार पहिल्या ठिकाणी कुणी मोजला नव्हता, म्हणून दुसऱ्या ठिकाणी तिच्या नकाराचेही मोल झाले नाही.

लगेच पुढच्या वर्षीचे एक उदाहरण हे अधिक स्पष्ट करते. १९९५ मध्ये ‘टफ’ या बुटांच्या जाहिरातीसाठी मधू सप्रे आणि मिलिंद सोमण या दोघा सज्ञान व्यक्तींनी अंगाभोवती अजगर घेऊन, पायांतल्या बुटांखेरीज काहीही न घालता प्रबुद्ध दासगुप्ता यांच्या कॅमेऱ्यापुढे छायाचित्र दिले. त्यावर मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. तो चौदा वर्षे चालला आणि २००९ मध्ये संबंधित निर्दोष सुटले. ती जाहिरात अभिरुचीला धरून होती की नाही, हा वाद करता येईल. मला सांगायचे आहे ते एवढेच : ज्या चित्रातल्या माणसांनी ते स्वतःहून दिले, त्याचा पाठपुरावा राज्याने चौदा वर्षे केला, जी चित्रे जबरदस्तीने काढली गेली, त्यांचे खटले साक्षीदारांअभावी पातळ होत गेले. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ पासून अस्तित्वात होता. त्याची कसोटी सभ्यतेची होती, संमतीची नव्हती.

नोव्हेंबर १९९६ मध्ये बंगलोरला जगत्‌सुंदरी स्पर्धा झाली तेव्हा वाद टोकाला गेला. अमिताभ बच्चन यांच्या कंपनीने ती भरवली होती. विरोधात एका बाजूला संस्कृतिरक्षक होते, दुसऱ्या बाजूला डाव्या स्त्रीसंघटना आणि शेतकरी संघटना. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. मदुराईत एका तरुणाने निषेधार्थ स्वतःला जाळून घेतले. मराठी नियतकालिकांतही स्त्रीदेहाच्या वस्तूकरणावर भरभरून लिहिले गेले, आणि त्यातले बरेचसे बरोबर होते. गोऱ्या कातडीचे वेड, कृश शरीराचा आग्रह, ‘सौंदर्य’ विकत घेण्यासाठी निम्नमध्यमवर्गीय मुलीच्या पैशावर पडणारा ताण ही टीका आजही खोडता येत नाही. २००० नंतर पुढचा मोठा मुकुट यायला २०१७ साल उजाडले, तेव्हा बाजारपेठ काबीज झाल्यावर मुकुटांची गरज संपली होती या टीकाकारांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाल्यासारखे वाटले. पण बंगलोरला रस्त्यावर उतरलेल्या संस्कृतिरक्षकांपैकी किती जण दोनच वर्षांपूर्वी जळगावच्या मुलींसाठी उतरले होते? स्त्रीसंघटनांच्या कार्यकर्त्या जळगावला गेल्या होत्या, बोलल्या होत्या. ज्यांचा आक्षेप फक्त कपड्यांना होता त्यांना जळगावात आक्षेप घेण्याजोगे काही दिसले नसावे, कारण तिथल्या मुली अंगभर कपड्यांत कॉलेजला जात होत्या.

स्पर्धांच्या समर्थकांनीही फार निश्चिंत राहू नये. ‘ती स्वेच्छेने आली आहे’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही. रीटा फारियाची स्वेच्छा स्पर्धेपुरती होती, व्हिएतनामसाठी नव्हती. होकार एकदा दिला की तो कायमचा आणि सर्वांसाठी असतो, असे करारपत्र मानते आणि फलक रंगवणाराही मानतो. मे २०२५ मध्ये हैदराबादच्या जगत्‌सुंदरी स्पर्धेतून इंग्लंडची मिला मॅगी अर्ध्यावर निघून गेली. आश्रयदात्यांचे मन रिझवण्यासाठी आपल्याला बसवले जाते असा तिचा आरोप होता. आयोजकांनी तो नाकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थायलंडच्या विश्वसुंदरी स्पर्धेत मेक्सिकोच्या फातिमा बॉशला एका आयोजकाने सर्वांसमक्ष खडसावले; ती उठून बाहेर पडली, तिच्यामागे इतरही स्पर्धक निघाल्या, आणि अखेर मुकुट तिलाच मिळाला. योलांड बेटबेझच्या नकाराला पर्याय म्हणून उभी राहिलेली ही स्पर्धा अखेर नकार देणाऱ्या मुलीपर्यंत येऊन पोहोचली. यात बाजाराचा धूर्तपणा किती आणि मुलींचे बळ किती, हे सांगणे कठीण आहे. पण उठून जाता येते, एवढे तरी जगाने पाहिले.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. तिथे शिकणाऱ्या मुलींच्या हातात आज कॅमेरा आहे. त्या स्वतःचे चित्र स्वतः काढतात, आणि ते चोरीला जाण्याचा, विकृत करून पसरवले जाण्याचा धोका पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे. १९९४ सालच्या त्या मुली आता पन्नाशीच्या आसपास असतील. कुणी आई असेल, कुणी सासू. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत आणि ती तशीच राहिली पाहिजेत. पण सौंदर्यस्पर्धांचा इतिहास लिहिताना त्या वर्षाखाली दोन विजेत्यांची नावे लिहून आपण पान उलटतो, तेव्हा त्या पानावर या अनाम मुलींसाठीही एक ओळ असावी, असे मला वाटते. आपल्या चित्राला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता आणि तो कुणी मानला नाही, एवढेच त्या ओळीत असले तरी पुरे.